किंग स्ट्रीटवरचा गाळा घ्यावा का? 'डाउनटाउन कधी सुधारेल' याच्या आधी विचारायचे प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सहा वर्षं कॅनडातल्या किचनर शहरात आहात, घरून डबे देता, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेता. आता किंग स्ट्रीटवर, सिटी हॉलपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, साधारण हजार चौरस फुटांचा गाळा रिकामा आहे. भाडं बाहेरच्या प्लाझांपेक्षा कमी सांगताहेत. मालकाचा एजंट म्हणतो, डाउनटाउन सुधारतंय, आत्ता शिरलात तर पुढे फायदाच आहे. तुमच्या मिस्टरांना मात्र आजूबाजूच्या रिकाम्या काचा बघून धास्ती वाटते. तेव्हा डाउनटाउन खरंच सुधारेल का, आणि गाळा घ्यावा का?

मी एकोणीस वर्षं दक्षिण ऑन्टारियोतल्या मध्यम शहरांमध्ये लहान दुकानदारांसाठी जागा बघणं आणि भाडेकराराची बोलणी करणं हे काम करतो. किचनर, लंडन, हॅमिल्टन, ग्वेल्फ ही माझी नेहमीची शहरं. तुम्ही विचारलेला प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, आणि जवळजवळ प्रत्येक जण हे दोन प्रश्न एकत्र विचारतो. ते आधी वेगळे करायला हवेत. डाउनटाउन सुधारेल, असं मला मनापासून वाटतं. पण शहराला सुधारायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि तुमच्याकडची शिल्लक फार तर दीड वर्ष पुरेल. मधली वर्षं कोण सोसणार, मालक की तुम्ही, हे भाडेकरारात ठरतं. तुमचा खरा प्रश्न तो आहे.

शहराचा वेग म्हणजे काय, हे कळायला किचनरचंच उदाहरण पुरेसं आहे. 1966 साली फेअरव्ह्यू पार्क मॉल उघडला, हायवे झाला, लोक गाडी घेऊन तिकडे जायला लागले आणि किंग स्ट्रीटवरच्या दुकानांची वर्दळ आटली. शहराने उपाय शोधला तो असा, की डाउनटाउनमध्येही मॉलच बांधायचा. 1971 मध्ये त्यावर मतदान झालं, लोकांनी कौल दिला, आणि 1973 मध्ये 1924 सालचा देखणा जुना सिटी हॉल पाडला. त्या जागी मार्केट स्क्वेअर उभा राहिला. मुलांना घेऊन व्हिक्टोरिया पार्कमध्ये जात असाल तर तिथला घड्याळाचा मनोरा तुम्ही पाहिला असेल. तो त्या पाडलेल्या सिटी हॉलचा. 1995 मध्ये तो बागेत परत उभा केला.

मार्केट स्क्वेअरचं दुखणं असं होतं की त्याची दारं-खिडक्या आतल्या बाजूला होत्या. गिऱ्हाईक गाडी लावून आत जायचं, आतल्या आत फिरायचं आणि तसंच घरी जायचं. रस्त्यावरच्या दुकानांना त्याचा उपयोग नव्हता. कॅनडातल्या कितीतरी शहरांनी सत्तरच्या दशकात हीच चूक केली. मी हे एवढ्यासाठी सांगतोय की 'मोठा प्रकल्प येतोय' हे ऐकून हुरळून जाण्याआधी त्या प्रकल्पाचं दार कुठल्या रस्त्यावर उघडतं ते बघायला हवं.

खरी कलाटणी 2004 मध्ये मिळाली. शहराने दहा वर्षांसाठी 110 दशलक्ष डॉलरचा आर्थिक विकास निधी उभारला. त्यातले 30 दशलक्ष वॉटर्लू विद्यापीठाचं फार्मसी स्कूल डाउनटाउनमध्ये आणण्यासाठी दिले. लॉरिए विद्यापीठाचा समाजकार्य विभाग ड्यूक स्ट्रीटवरच्या जुन्या शाळेच्या इमारतीत आला. कॉफमनच्या बुटांच्या कारखान्यात राहायची घरं झाली. जुन्या लँग टॅनरीत, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यात, 2010 मध्ये कम्युनिटेक या तंत्रज्ञान कंपन्यांना मदत करणाऱ्या संस्थेचं केंद्र उघडलं. गूगल आधी त्याच टॅनरीत होतं, 2016 मध्ये ते ब्राइटहॉप्ट ब्लॉकमधल्या जुन्या रबर कारखान्यात गेलं. आणि 21 जून 2019 ला आयॉन, म्हणजे आपली एलआरटी (शहरातल्या रस्त्यांवरून धावणारी हलकी रेल्वे), सुरू झाली.

2004 ते 2019, पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत रस्ते खणले गेले, फुटपाथ रुंद झाले, एलआरटीचे रूळ टाकताना दुकानांसमोर कुंपणं उभी राहिली. शहराच्या दृष्टीने हा यशाचा काळ. पण 2005 मध्ये 'आता दिवस पालटणार' म्हणून दुकान थाटलेल्यांपैकी जे माझ्याकडे यायचे, त्यांच्यातले बरेचसे ते दिवस पालटलेले बघायला तिथे उरले नव्हते. त्यांचा अंदाज बरोबर होता. ते लवकर आले होते, आणि तेवढी वर्षं थांबायची सोय त्यांच्या करारात नव्हती.

तुमच्या गाळ्याबाबत आणखी एक बारीक गोष्ट. लोक म्हणतात 'एलआरटीच्या मार्गावर आहे'. डाउनटाउनच्या मधल्या भागात आयॉन किंग स्ट्रीटवरून जात नाही. एका दिशेची गाडी चार्ल्स स्ट्रीटवरून आणि दुसऱ्या दिशेची ड्यूक स्ट्रीटवरून जाते. किंग स्ट्रीट या दोघींच्या मध्ये. म्हणजे उतरलेला माणूस तुमच्या दारावरून आपोआप जात नाही, त्याला मुद्दाम वळून यावं लागतं. शिवाय चार्ल्स स्ट्रीटवरचं जुनं बस टर्मिनल 2019 मध्येच बंद झालं. तिथे बस बदलणारी माणसं मधल्या दहा मिनिटांत कॉफी, समोसा, काहीतरी घ्यायची. ती वर्दळ आता वेगवेगळ्या स्टॉपांवर विखुरली आहे. तुमचा गाळा त्या जुन्या टर्मिनलच्या बाजूला असेल आणि आधीच्या दुकानदाराचे 2018 चे आकडे तुम्हाला दाखवले असतील, तर ते आता धरू नका.

आता माणसांकडे येऊ, कारण धंदा शेवटी माणसांवर चालतो. डाउनटाउनमध्ये चार प्रकारची माणसं असतात: तिथे कामाला येणारी, तिथे शिकणारी, तिथे राहणारी, आणि कार्यक्रमाला येणारी. तुमच्या गल्ल्यासाठी चौघांचं मोल सारखं नाही.

कामाला येणाऱ्यांवर पूर्वी सगळी मदार होती. 2020 नंतर ऑफिसवाले आठवड्यातून दोन-तीन दिवस येतात, बहुतेक मंगळवार ते गुरुवार. फक्त दुपारच्या जेवणावर दुकान चालवायचं तर आठवड्याला तीन दिवसांचा धंदा आणि सात दिवसांचं भाडं, असं गणित होतं.

शिकणाऱ्यांबद्दल तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असेल. तुमचे निम्मे डबे आपल्या मुलामुलींचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. कॉनेस्टोगा कॉलेजमध्ये भारतातून आलेली मुलं हजारोंनी होती आणि त्यांच्यावर किती स्वयंपाकघरं, किती किराणा दुकानं उभी राहिली हे आपण सगळ्यांनी पाहिलं. जानेवारी 2024 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षी नवीन परवाने आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी कमी करायचे ठरलं. एक तुकडी शिकून बाहेर पडते आणि मागून येणारी तुकडी लहान असते, हे गिऱ्हाईक कमी होण्याचं सरळ कारण आहे. म्हणून 2022-23 मध्ये तुमच्या डब्यांची मागणी किती होती, त्यावर पाच वर्षांचा करार करू नका. या एका मुद्द्यावर मी कुठलीही सवलत देणार नाही.

राहणाऱ्यांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. ड्यूक आणि फ्रेडरिकच्या कोपऱ्यावरचा 39 मजली डीटीके, किंग आणि व्हिक्टोरियाजवळचे स्टेशन पार्कचे टॉवर, यांत झोपणारा माणूस संध्याकाळी भुकेला असतो, शनिवारीही असतो, आणि बर्फ पडत असतानाही खाली उतरतो. ऑफिस रिकामं पडलं तरी तो तिथेच असतो. डाउनटाउन खरंच सावरतंय का, हे मला कोणी विचारलं तर मी ऑफिसांच्या पाट्या बघत नाही, रात्री आठ वाजता वरच्या खिडक्यांमधले दिवे बघतो.

कार्यक्रमांना येणाऱ्यांबद्दल थोडक्यात. डिसेंबरात सिटी हॉलमध्ये क्रिस्टकिंडल मार्केट, म्हणजे ख्रिसमसचा जर्मन पद्धतीचा बाजार, भरतं, ऑगस्टमध्ये ब्लूज फेस्टिव्हल असतो, ऑक्टोबरफेस्ट तर 1969 पासून आहे. त्या दिवसांत रस्ता फुलून जातो. पण ते दहा-पंधरा दिवस. त्यावर भाडं निघत नाही, नाव मात्र होतं.

आणि एक पाचवा गट आहे, जो तुम्ही मनात धरला असणार: आपली माणसं. आपली माणसं गाडीने येतात. पटेलांच्या किराणा दुकानात जातात, कोथिंबीर, पोहे, गूळ घेतात, शेजारी मिठाई घेतात, सगळं एका पार्किंगमध्ये. दुकान डाउनटाउनमध्ये आल्यावर तीच माणसं पैसे देऊन गाडी लावून चकलीचं पाकीट घ्यायला दर आठवड्याला येतील, हे धरून चालू नका. दिवाळीला येतील, गणपतीत मोदकांना येतील. एरवीच्या बुधवारी तुमचं गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर राहणारा, 'साबुदाणा' हा शब्द कधी न ऐकलेला माणूस असेल. त्याला तुमचं दुकान बाहेरून बघून काय कळेल, काय घ्यावंसं वाटेल, यावर सगळा विचार व्हायला हवा. पाटी, काच, पदार्थांची नावं, सगळ्यावर. याची भीती वाटायला नको. पण तुम्ही आत्ता करताय त्यापेक्षा हा वेगळा धंदा आहे, हे मनाशी पक्कं असू द्या.

एवढं ठरलं की मोजणी. ही मी प्रत्येकाला करायला लावतो आणि प्रत्येक जण आधी टाळाटाळ करतो. एक हातातला टॅली काउंटर घ्या. गाळ्याच्या दारासमोर उभ्या राहा आणि त्या बाजूच्या फुटपाथवरून जाणारं प्रत्येक माणूस मोजा. मंगळवारी दुपारी साडेअकरा ते दीड, गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात, शनिवारी अकरा ते एक, आणि एखाद्या आडवारी दुपारी तीन ते चार. शक्यतो फेब्रुवारीत. जूनमध्ये सगळेच रस्ते छान दिसतात.

मागे एका शहरात मी एका बेकरीवाल्या मुलीसाठी असा उभा होतो. फुटपाथच्या कडेला काळपट बर्फाची रांग, वितळलेल्या पाण्याचं डबकं. तीन ते चार या तासात 22 माणसं गेली. त्यातली 9 एकाच बसमधून उतरली आणि मान खाली घालून वारा चुकवत समोरच्या बाजूला गेली, कारण त्या बाजूला ऊन होतं. आमच्या बाजूला इमारतीची सावली आणि बर्फ. तिने तसाच गाळा रस्त्याच्या पलीकडे घेतला, भाडं थोडं जास्त देऊन. या देशात नोव्हेंबर ते मार्च ऊन कुठल्या फुटपाथवर पडतं याला पैशांत किंमत आहे, आणि ती कुठल्याही जाहिरातीत लिहिलेली नसते.

मोजलेला आकडा गणितात घालायचा. समजा, फक्त उदाहरणादाखल, भाडं वर्षाला 20 डॉलर चौरस फूट आणि वर टीएमआय 14 डॉलर. टीएमआय म्हणजे मालमत्ता कर, देखभाल आणि विमा यांतला तुमचा वाटा. ऑन्टारियोत सांगितलेल्या भाड्यात तो बहुधा धरलेला नसतो आणि पहिल्यांदा जागा घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. एजंटने तुम्हाला कमी सांगितलेलं भाडं टीएमआय धरून आहे की सोडून, हे आजच विचारा. तर 34 डॉलर गुणिले हजार फूट, म्हणजे वर्षाला 34,000. वर 13 टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, तो नोंदणी असेल तर हिशेबात परत मिळतो, पण दर महिन्याला आधी खिशातून जातो. खाण्याच्या धंद्यात जागेचा खर्च विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असा आमचा साधा ठोकताळा आहे. म्हणजे वर्षाला 3,40,000 ची विक्री हवी. 300 दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला साधारण 1,130 डॉलर. माणशी 15 डॉलर धरले तर रोज 75 गिऱ्हाइकं.

आता तुमची मोजणी समोर ठेवा. दिवसभरात दारावरून 600 माणसं जात असतील तर त्यातली 75 आत यायला हवीत, म्हणजे दर आठात एक. ते फार अवघड आहे. 3,000 जात असतील तर चाळिसात एक, ते जमण्यासारखं. तुमच्या मिस्टरांची धास्ती आणि एजंटची आशा, दोन्हींपेक्षा हे भागाकाराचं उत्तर जास्त खरं सांगेल.

आता करारावर येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

आधी हे समजून घ्या की गाळा रिकामा का आहे आणि भाडं कमी का आहे. लोकांना वाटतं गिऱ्हाईक नाही म्हणून. कधी कधी तसंच असतं. पण रिकाम्या गाळ्याची इतरही कारणं असतात. पहिलं, ऑन्टारियोत बरीच वर्षं रिकाम्या व्यापारी जागेच्या मालकाला मालमत्ता करात 30 टक्के सूट मिळत असे, म्हणून गाळा रिकामा ठेवणं परवडायचं; 2017 पासून नगरपालिकांना ती बंद करायची मुभा मिळाली आणि अनेकांनी ती बंद केली. दुसरं, मालकाला भाडं फार उतरवायचं नसतं, कारण इमारतीची किंमत आणि बँकेचं कर्ज भाड्याच्या आकड्यावर ठरतं. आणि तिसरं, जे आजच्या किचनरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं: ज्या रस्त्यावर टॉवर उभे राहताहेत, तिथल्या दुमजली जुन्या इमारतीची किंमत तिच्या गाळ्यात नसते, खालच्या जमिनीत असते. मालक बिल्डरची वाट बघत असतो. तोवर कर भरण्यापुरतं भाडं देणारं कोणी मिळालं तर त्याला हवंच असतं. स्वस्त भाडं हे त्याचं चिन्ह असू शकतं.

अशा करारात एक कलम असतं, डिमॉलिशन क्लॉज. मालकाला इमारत पाडायची किंवा नव्याने बांधायची असेल तर तो ठरलेल्या मुदतीची नोटीस देऊन तुमचा करार संपवू शकतो, तुमची पाच वर्षं पूर्ण झालेली असोत वा नसोत. एक श्रीलंकेचं जोडपं, दुसऱ्या एका शहरातलं, माझ्याकडे आलं ते नोटीस हातात पडल्यानंतर. त्यांनी स्वयंपाकघरावर, मुख्यतः चुलीवरचा धूर ओढून घेणाऱ्या एक्झॉस्ट हूडवर आणि छतातून वर नेलेल्या धुराड्यावर, आयुष्याची बचत घातली होती. तिसरं वर्ष चालू होतं, नुकताच जम बसला होता. नोटीस सहा महिन्यांची. मी गेलो त्या दिवशी ते गृहस्थ स्टुलावर चढून हूडचे स्क्रू काढून बघत होते. टेबलं, फ्रीज, तवा, सगळं विकलं जातं. पण हूड त्या भिंतीच्या, त्या छताच्या मापाने केलेला असतो. तो दुसरीकडे बसत नाही. त्या धुराड्यासकट तो तिथेच राहिला आणि इमारतीबरोबर गेला. करार त्यांनी वाचला होता. ते कलम त्यांना कळलंही होतं. 'एवढ्यात कोण पाडतंय' असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते त्यांनी खरं मानलं.

म्हणून, हे कलम काढून टाकता येत नसेल तर निदान तीन गोष्टी मागा. पहिली तीन वर्षं ते लागू होणार नाही असं लिहून घ्या. नोटीस किमान बारा महिन्यांची मागा. आणि तुम्ही जागेत घातलेल्या पैशांपैकी जो भाग अजून वसूल व्हायचा आहे तो मालकाने द्यायचा, असं ठरवा. मालक यातलं एकही मान्य करत नसेल तर त्याचा बेत काय आहे ते तुम्हाला कळलं. मग तिथे हूड बसवायचा नाही.

बाकी मागण्यांपैकी महत्त्वाची म्हणजे सुरुवातीचे भाड्याशिवायचे महिने. डाउनटाउनमध्ये इतके गाळे रिकामे असताना तीन-चार महिने मागणं अजिबात वावगं नाही. परवाने मिळायलाच तेवढा वेळ जातो. आधी तिथे कपड्यांचं दुकान असेल आणि तुम्ही खाण्याचं करणार असाल, तर वापर बदलतो, बिल्डिंग परमिट लागू शकतं, सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारा ग्रीस ट्रॅप लागतो, स्वच्छतागृहाचा प्रश्न येतो. आधीच हॉटेल असलेला गाळा दोन डॉलरने महाग असला तरी बहुधा स्वस्तच पडतो.

पर्सनल गॅरंटी, म्हणजे भाडं थकलं तर ते तुम्ही स्वतःच्या खिशातून भराल ही हमी, मालक मागणारच. नाही म्हणता आलं नाही तर ती मर्यादित करा, उदाहरणार्थ सहा महिन्यांच्या भाड्यापुरती. तुम्ही कंपनी काढली आणि गॅरंटी अमर्याद दिली, तर घर धोक्यात येतं, मग कंपनी काढून काय मिळवलं? समोर रस्ता खणला गेला आणि काम ठरावीक काळापेक्षा लांबलं तर भाडं काही टक्के कमी, हेही मागून बघा. पूर्वी मालक हसायचे. एलआरटीच्या कामानंतर आता तेवढे हसत नाहीत. आणि हे लक्षात असू द्या की व्यापारी जागेला घरासारखं भाडेनियंत्रण नाही, आणि भाडं थकून 15 दिवस उलटले की सोळाव्या दिवशी मालक कुलूप बदलू शकतो. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. सही करण्याआधी व्यापारी लीज रोज बघणाऱ्या वकिलाला करार दाखवा. घराची खरेदी बघणारा ओळखीचा वकील नको.

मिस्टरांच्या धास्तीबद्दल. त्यांना फक्त रिकाम्या काचांची भीती नाही, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचीही आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. ते मोकळेपणाने बोलायला हवं. घरभाडी वाढली, निवारे पुरत नाहीत, त्यामुळे व्हिक्टोरिया आणि वेबरच्या कोपऱ्यावर तंबूंची वस्ती उभी राहिली. जानेवारी 2023 मध्ये ऑन्टारियोच्या सुपीरियर कोर्टाने सांगितलं की पुरेसे निवारे नसताना रीजनला, म्हणजे वॉटर्लू विभागाच्या प्रशासनाला, त्या लोकांना तिथून हुसकावता येणार नाही. सेवा देणाऱ्या संस्था डाउनटाउनमध्ये आहेत, म्हणून गरजू माणसंही तिथे आहेत. त्यांना दूर कुठेतरी पाठवलं की डाउनटाउन सुधारेल, असं मानणारे दुकानदार मला भेटतात, मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्यांची दुकानं टिकली त्यांनी वेगळं काहीतरी केलं. त्यांना त्या माणसांची नावं माहीत असतात, आउटरीचवाल्यांचा, म्हणजे बेघरांच्या मदतीला येणाऱ्या कार्यकर्त्यांचा, फोन नंबर काउंटरजवळ चिकटवलेला असतो, संध्याकाळी काम करणारी मुलगी एकटी नसते, आणि दुकानातला दिवा बंद केल्यानंतरही काचेतला दिवा चालू असतो. तुम्हाला संध्याकाळी सातला तिथे एकटीने कुलूप लावायचं आहे. तेव्हा तुम्ही दोघं दोन-तीन संध्याकाळी तिथे जा, शेजारच्या दुकानदाराशी बोला, आणि मग ठरवा. हे दुसऱ्या कोणी ठरवायचं काम नाही.

शेजाऱ्यांवरून बीआयए, म्हणजे एका भागातल्या दुकानदारांची 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया' ही संघटना, आठवली. जगातली पहिली बीआयए 1970 मध्ये टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये झाली. मॉल आणि सबवेमुळे गिऱ्हाईक तुटलेल्या दुकानदारांनीच स्वतःवर कर लावून घेतला आणि त्या पैशातून रस्ता सजवला. किचनर डाउनटाउनचीही बीआयए आहे. तिची वर्गणी मालमत्ता कराबरोबर वसूल होते आणि टीएमआयमधून तुमच्यापर्यंत येते. म्हणजे गाळा घेतलात की तुम्ही आपोआप सभासद. पैसे तर जाणारच आहेत, मग वार्षिक सभेला जा, मत द्या. आपली माणसं तिथे फार कमी दिसतात, याची मला खंत आहे. दिवाळीत किंग स्ट्रीटवर काय व्हावं हे ठरवायला आपलं कोणी त्या खोलीत नसेल तर ते दुसरं कोणीतरी ठरवणार.

आणि डाउनटाउन सुधारेल असं मला का वाटतं? कारण ज्या गोष्टींनी मध्यम शहरांची डाउनटाउन टिकतात त्या किचनरमध्ये आहेत: रोज यायला भाग पाडणाऱ्या संस्था आणि रात्री तिथेच राहणारी माणसं. ऑन्टारियोतल्या लंडनमध्ये 2002 साली सेंट्रल लायब्ररी ओस पडत चाललेल्या मॉलमध्ये आली. 2014 मध्ये बंद पडलेल्या किंग्समिल्सच्या दीडशे वर्षांच्या दुकानात 2018 मध्ये फॅनशॉ कॉलेज आलं. हॅलिफॅक्सच्या स्प्रिंग गार्डन रोडला 2014 च्या नव्या लायब्ररीने जे दिलं ते कुठल्याही मॉलने दिलं नसतं. लायब्ररीत जाणाऱ्याला काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणूनच तो दर आठवड्याला येतो, आणि परत जाताना त्याला भूक लागलेली असते.

तुमच्या जागी मी असतो तर या वर्षी हा करार केला नसता. किंग स्ट्रीट ईस्टवरच्या किचनर मार्केटमध्ये शनिवारची जागा मागितली असती. आत्ताची इमारत 2004 ची, पण बाजाराची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि शनिवारी सकाळी तिथे मेनोनाइट (साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) शेतकऱ्यापासून नव्या कॉन्डोतल्या जोडप्यापर्यंत सगळे येतात. पब्लिक हेल्थचे नियम आधी विचारून घ्या, काय घरी करता येतं आणि कशाला तपासणी झालेलं स्वयंपाकघर लागतं ते. मग सहा महिने तिथे उभ्या राहा. आपल्या ओळखीची नसलेली माणसं काय उचलतात, काय ठेवून देतात, दुसऱ्यांदा कोण येतं, हे वहीत लिहा. त्याच काळात गाळ्यासमोरची मोजणी होईल, फेब्रुवारीही येऊन जाईल. सिटी हॉलमधल्या स्मॉल बिझनेस सेंटरमध्ये जाऊन स्टार्टर कंपनी प्लस या योजनेसाठी सध्या अर्ज घेताहेत का विचारा, त्यात प्रशिक्षणाबरोबर 5,000 डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकतं.

हा गाळा तोवर गेला तर जाऊ द्या, त्या रस्त्यावर दुसरा मिळेल. आणि तुम्हाला याच वर्षी हाच हवा असेल, तर पाच वर्षांऐवजी एक वर्षाचा करार आणि पुढे दोनदा दोन वर्षं वाढवायचा हक्क तुमच्याकडे, असं मागा. मालकाने डिमॉलिशन क्लॉजबद्दल काय उत्तर दिलं आणि मंगळवारी दुपारी किती माणसं मोजलीत, ते दोन्ही मला कळवा. मग भाड्याच्या आकड्यावर बोलू.